मॉलचा अँकर उठला की पुढे काय होतं

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही अमेरिकेत एका उपनगरात राहतो. इथल्या मॉलमधलं सिअर्स गेलं, मग जेसी पेनी गेलं, आता मेसीजही जाणार असं ऐकतोय. ऑनलाइन खरेदीने मॉल संपवले म्हणतात, ते कितपत खरं? मोठं दुकान उठलं की शेजारची बऱ्यापैकी चालणारी दुकानंही का उठतात? माझ्या मेहुण्याचा त्याच मॉलमध्ये गाळा आहे आणि त्याचं लीज आता संपतंय. त्याने काय करावं?"

मी इथे मॉलच्या लीजिंगमध्ये बरीच वर्षं काम करतोय, आधी मालकांच्या बाजूने आणि आता गाळेधारकांच्या. त्यामुळे माझी नजर काचेतल्या कपड्यांपेक्षा कागदावर जास्त असते, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या प्रश्नांचं उत्तर मला तरी कागदातच सापडतं. अँकरची, म्हणजे मॉलच्या टोकाला बसलेल्या सिअर्स-मेसीजसारख्या मोठ्या दुकानाची, इमारत आणि तिच्याखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि तिथे बसताना अँकरने मॉलला काय लिहून दिलंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

ऑनलाइनचा मुद्दा आधी उरकून टाकू. ओहायोमधले दोन मॉल घ्या: रोलिंग एकर्स २००८ साली बंद झालं, रँडल पार्क २००९ साली. त्या सुमाराला अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा जेमतेम ४ टक्के होता. आज तो १६ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तरीही चांगल्या मॉलमध्ये शनिवारी पार्किंग मिळत नाही. ऑनलाइनने कोणाचंच नुकसान केलं नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या मॉलना त्याने लोळवलं, त्यांच्या भिंती आधीच पोकळ झाल्या होत्या. ग्राहकाला दुसरीकडे खेचण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी डिस्काउंट दुकानांनी केलं होतं.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. ८ ऑक्टोबर १९५६ ला मिनेसोटातल्या ईडायना इथे साउथडेल उघडलं. पूर्ण छताखालचा, हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड राहणारा हा पहिला प्रादेशिक मॉल. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेला. मॉल बांधला मिनिआपोलिसच्या डेटन्स या डिपार्टमेंट स्टोअरने, आणि बांधताना आपल्या कट्टर स्पर्धकाला, डोनाल्डसन्सला, त्याच छताखाली जागा दिली. तेव्हा हे वेडेपणाचं वाटलं असणार, पण हिशोब पक्का होता. दोन टोकांना दोन मोठी दुकानं ठेवली की एका टोकाची गिऱ्हाइकं दुसऱ्या टोकाला चालत जाणार, आणि जाता-येता मधल्या सत्तरेक लहान दुकानांसमोरून जाणार. मॉलचा धंदा तेव्हापासून त्या मधल्या चालण्यावर उभा आहे.

आता पैशाचं बघा. गर्दी आणतो अँकर आणि भाडं देतात गाळे. दीड-दोन लाख चौरस फुटांचं डिपार्टमेंट स्टोअर मॉलमालकाला चौरस फुटामागे अगदी किरकोळ भाडं देतं, कित्येकदा काहीच देत नाही. मालक जमीन नाममात्र किमतीत देतो, वर बांधकामाला हातभार लावतो, आणि अँकर त्या तुकड्याचा स्वतंत्र मालक होऊन बसतो. त्याचं पार्किंग त्याचं, त्याची बाहेरची दारं त्याची, कित्येक ठिकाणी वीज आणि एअर कंडिशनिंगही वेगळं. हजार-दोन हजार फुटांचा चपलांचा किंवा दागिन्यांचा गाळेवाला मात्र अँकरच्या कितीतरी पट दर भरतो, शिवाय सफाई, सुरक्षा, दिवाबत्ती, बर्फ उपसणं अशा सामायिक खर्चाचा वाटा वेगळा. हा सौदा तो मुकाट्याने करतो, कारण त्याच्या दारावरून जाणारी माणसं अँकरने आणलेली असतात.

इतके मॉल उभे कसे राहिले? अमेरिकेच्या १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर घसारा (झीज म्हणून नफ्यातून वजा होणारी रक्कम) झपाट्याने लावायची मुभा दिली. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शहराबाहेर नवी उभारणं करात फायद्याचं ठरलं. १९५६ चा महामार्ग कायदाही त्याच सुमाराचा. मग काय, जिथे दोन मोठे रस्ते एकमेकांना मिळाले तिथे मॉल. रँडल पार्क १९७६ साली उघडलं तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं म्हणून मिरवत होतं, आणि ज्या नॉर्थ रँडल गावात ते उभं होतं त्या गावची वस्ती होती दीडेक हजार! गिऱ्हाईक सगळं आजूबाजूच्या उपनगरांतून यायचं. तिथे नवे मॉल झाले तसं ते पांगलं. लोकसंख्येच्या हिशोबाने बघितलं तर दुकानांची इतकी जागा जगात दुसऱ्या कुठल्याच देशाने बांधलेली नाही.

आणि एक गंमत, जी मला कधीच जुनी वाटत नाही. १९६२ हे एकच वर्ष बघा: मिशिगनमध्ये पहिलं केमार्ट, आर्कान्सामध्ये पहिलं वॉलमार्ट, आणि मिनेसोटातल्या रोझव्हिलमध्ये पहिलं टार्गेट. यातलं टार्गेट कोणी काढलं? साउथडेल बांधणाऱ्या त्याच डेटन कंपनीने. मॉल उघडून सहा वर्षं होत नाहीत तोवर मॉलबाहेर मोकळ्या पार्किंगला लागून स्वस्त दुकान काढण्यात जास्त पैसा आहे हे त्यांनी ओळखलं. पुढे २००० साली कंपनीने स्वतःचं नावच टार्गेट केलं आणि २००४ साली डिपार्टमेंट स्टोअर्स विकून टाकली. भांडी, चादरी, मुलांचे कपडे, टीव्ही, फ्रिज या सगळ्यासाठी पूर्वी लोक सिअर्स आणि पेनीत जायचे. ते गिऱ्हाईक टार्गेट, वॉलमार्ट, बेस्ट बाय, होम डेपो यांनी नेलं, आणि यातलं कोणी सहसा मॉलच्या आत नव्हतं.

दुसरा तडाखा डिपार्टमेंट स्टोअर्सच्या एकत्रीकरणाचा. यावर फार बोललं जात नाही, पण माझ्या मते मधल्या फळीतल्या मॉलना त्याने सर्वांत जास्त मारलं. २००५ साली फेडरेटेडने, म्हणजे मेसीजच्या मालक कंपनीने, 'मे' ही दुसरी डिपार्टमेंट स्टोअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला विकत घेतली. सप्टेंबर २००६ मध्ये मार्शल फील्ड्स, फिलीन्स, फोलीज, हेक्ट्स, कॉफमन्स अशा गावोगावच्या नावांच्या चारशेहून जास्त दुकानांवर एकाच दिवशी मेसीजची पाटी लागली. ज्या मॉलमध्ये आधी फेडरेटेडचं एक आणि मेचं एक दुकान होतं, तिथे दोन्ही एकाच कंपनीची झाली. एका छताखाली दोन मेसीज कशाला? एक विकलं किंवा बंद केलं. साउथडेलचा पाया होता एकमेकांशी भांडणारे दोन अँकर. भांडणारे एकाच घरचे झाल्यावर ग्राहकाला या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं कारण उरलं नाही. मेसीजने २०२४ च्या फेब्रुवारीत जी सुमारे दीडशे दुकानं २०२६ पर्यंत बंद करायचं जाहीर केलं, त्याची मुळं मला तरी तिथपर्यंत गेलेली दिसतात.

सिअर्सची कथा वेगळी. २००५ साली केमार्टने सिअर्स घेतलं, गुंतवणूकदार एडी लॅम्पर्ट यांच्या नेतृत्वाखाली. दुकानात पैसा घालण्यापेक्षा दुकानाखालच्या जमिनीत जास्त किंमत आहे, हा हिशोब तेव्हापासून सगळे मांडत होते. २०१५ मध्ये सिअर्स-केमार्टच्या २३५ जागा सेरिटेज नावाच्या वेगळ्या कंपनीला सुमारे २.७ अब्ज डॉलरला विकल्या गेल्या, आणि सिअर्स स्वतःच्याच जुन्या घरात भाडेकरू झालं. सेरिटेजला अधिकार होता की वाटेल तेव्हा बऱ्याच दुकानांतली निम्मी जागा परत घ्यायची आणि नव्या भाडेकरूला कितीतरी जास्त भाड्याने द्यायची. १५ ऑक्टोबर २०१८ ला सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण मॉलमालकाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट भाग हा की आता मॉलच्या एका टोकाचा धनी कोणी तिसराच होता. त्याला मॉल जगण्या-मरण्याशी देणंघेणं नव्हतं, आपल्या तुकड्याला भाव काय येतो तेवढंच तो बघत होता.

तर मग शेजारची चालती दुकानं का उठतात? इथे येतं को-टेनन्सीचं कलम. साखळी दुकानांच्या लीजमध्ये ते हमखास असतं. भाषा रुक्ष असते, अर्थ साधा: अमुक इतके अँकर उघडे असतील आणि आतले अमुक टक्के गाळे भरलेले असतील तोवर मी ठरलेलं भाडं देईन. ही अट मोडली की ठरलेलं भाडं बंद, त्याऐवजी विक्रीच्या काही टक्के. आणि वर्षभरात मालकाने तोडीस तोड अँकर आणला नाही, तर मी लीज मोडून जाऊ शकतो.

आकडे घालून बघू. समजा चपलांच्या साखळीचा २,००० चौरस फुटांचा गाळा आहे, दर फुटाला वर्षाला ६० डॉलर. म्हणजे वर्षाचं भाडं १,२०,००० डॉलर, महिन्याला १०,०००. विक्री वर्षाला ८ लाख. भाडं विक्रीच्या १५ टक्के पडतंय, म्हणजे ताणलेलं आहे पण चालतंय. आता दुसरा अँकर गेला आणि कलम लागू झालं, भाड्याऐवजी विक्रीच्या ५ टक्के. गर्दी घटल्यामुळे विक्रीही ६ लाखांवर आली. भाडं झालं ३०,००० डॉलर, महिन्याला अडीच हजार. मालकाच्या हातात पूर्वीच्या पाव हिस्सा आला. जो अँकर गेला त्याच्याकडून मालकाला मुळात फारसं काही मिळतच नव्हतं, त्यामुळे वहीत त्याची जागा रिकामी पडलेली दिसतसुद्धा नाही. नुकसान दिसतं ते पन्नास-साठ गाळ्यांच्या रकान्यात, आणि तेही दोन-तीन महिन्यांत.

इथून पुढे गोष्ट बँकेकडे जाते. मॉलवरचं कर्ज बहुतेक वेळा असं असतं की ते बुडालं तर बँक मॉल घेऊ शकते, मालक कंपनीच्या बाकी मालमत्तेला हात लावू शकत नाही. भाडं आटलं आणि कर्जाची मुदत भरली की मालक दुरुस्तीवर पैसा घालण्याऐवजी किल्ल्या देऊन मोकळा होतो. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं या धंद्यात कोणी मानत नाही. देशातली सर्वांत मोठी मॉल कंपनी सायमन. तिनेही २०२१ मध्ये जॉर्जियातला टाउन सेंटर अ‍ॅट कॉब असाच सोडून दिला.

मी एखाद्या मॉलमध्ये पहिल्यांदा गेलो की थेट बंद अँकरच्या आतल्या तोंडाशी जातो. जिथे पूर्वी अत्तरांचे काउंटर होते तिथे आता पांढरी भिंत असते, तिच्यावर एखादं चित्र किंवा "लवकरच काहीतरी नवीन" अशी पाटी. त्या भिंतीपासून मागे चालत यायचं आणि किती गाळ्यांनंतर पहिलं राष्ट्रीय साखळीचं दुकान लागतं ते बघायचं. आधी मोबाइलची कव्हरं, मग कराटेचा क्लास, मग सैन्यभरतीचं कार्यालय, मग महिन्याच्या बोलीवर बसलेलं टी-शर्ट छापणारं दुकान. हे सगळे तात्पुरत्या करारावरचे भाडेकरू. गाळ्यात दिवा दिसावा म्हणून बसवलेले. ही रांग मॉलच्या मध्यापर्यंत आलेली असेल तर मालकाने नव्या गुंतवणुकीचा विचार सोडलाय असं मी धरून चालतो.

"मग रिकाम्या जागेत दुसरं काहीतरी आणायचं, त्यात काय अवघड?" असं मला लोक विचारतात. घोडं पेंड खातं ते आरईएपाशी, म्हणजे रेसिप्रोकल ईझमेंट अ‍ॅग्रीमेंटपाशी. मॉल बांधताना मालक आणि सगळे अँकर मिळून हा करार करतात. पार्किंगच्या जागा किती असल्या पाहिजेत, कुठल्या पट्ट्यात बांधकाम करायचं नाही, इमारतीची उंची किती, आत कुठला धंदा चालणार नाही, हे सगळं त्यात. बदल करायचा तर प्रत्येक अँकरची सही हवी. दुकान उघडं ठेवण्याची अँकरची हमी बहुधा पंधरा-वीस वर्षांत संपते, नकाराधिकार मात्र पुढे कित्येक दशकं शाबूत असतो. म्हणजे दुकान बंद करून बसलेला अँकरसुद्धा पार्किंगच्या कोपऱ्यात अपार्टमेंट बांधायला नाही म्हणू शकतो. शिवाय जाताना इमारत विकणारी कंपनी कधीकधी खरेदीखतात अट घालते की इथे दुसरं डिपार्टमेंट स्टोअर येता कामा नये. रोलिंग एकर्समध्ये तर उलटं झालं. मॉल २००८ ला बंद, आतले रस्ते अंधारात, आणि सिअर्स व पेनीचं आउटलेट बाहेरच्या दारांनी पुढे काही वर्षं चालूच. दोघं आपापल्या दारात सुखी, मधला मॉल उंदरांना आंदण.

म्हणून एकच घटना दोन मॉलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडवते. पेनसिल्व्हेनियातल्या किंग ऑफ प्रशियामध्येही सिअर्स गेलं. तिथे त्या जागेत २०१५ मध्ये डिक्स (खेळाचं सामान) आणि प्रायमार्क (स्वस्त कपडे) आले आणि मॉल २०१६ साली आणखी वाढला. श्रीमंत वस्ती, महामार्गांचा संगम, आणि खिशात पैसा असलेला मालक. अशा पहिल्या दर्जाच्या मॉलमध्ये गाळ्यांची विक्री फुटाला वर्षाला ७०० डॉलरच्या पुढे जाते, आणि तिथे सिअर्सचं जाणं मालकाला लॉटरी लागल्यासारखं असतं. जुन्या किरकोळ भाड्यात अडकलेली जागा सुटते ना! तिसऱ्या दर्जाच्या मॉलमध्ये, जिथे ही विक्री तीनशेच्या खाली असते, तिथे रिकामी खोकी कोणी फुकटही घेत नाही. तुमचा मॉल मधला असावा असं वर्णनावरून वाटतंय, आणि खरा प्रश्न या मधल्यांचाच आहे.

अँकरच्या जागी एखादं भलंमोठं फॅशनचं दुकान बसवायचा प्रयोगही झालाय. फॉरेव्हर २१ ने बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या जागा धडाधड घेतल्या, २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा सायमन आणि ब्रुकफील्ड या मॉलमालकांनीच दुसऱ्या एका कंपनीबरोबर ते विकत घेतलं. त्याच दोघांनी २०२० मध्ये जेसी पेनीही वाचवलं. आपल्याच भाडेकरूला विकत घेऊन आपल्याच दुकानात दिवे चालू ठेवायचे! यावरून आतल्या गाळ्यांची को-टेनन्सी त्यांना किती महाग पडणार होती याचा अंदाज घ्या. फॉरेव्हर २१ ची अमेरिकेतली दुकानं शेवटी २०२५ मध्ये मिटलीच.

जागेचं पुढे काय होतं, याची उत्तरं आता पुष्कळ आहेत, आणि काही तर चक्रावून टाकणारी. रँडल पार्क आणि रोलिंग एकर्स दोन्ही पाडून तिथे अ‍ॅमेझॉनची गोदामं झाली, अनुक्रमे २०१८ आणि २०२० मध्ये. महामार्गाला लागून सपाट जमीन, ट्रक वळायला जागा, आणखी काय हवं. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्समध्ये २००९ पासून व्हँडरबिल्ट हॉस्पिटलचे दवाखाने आहेत. पार्किंग भरपूर असल्यामुळे पेशंटांना ते मुख्य हॉस्पिटलपेक्षा सोयीचं पडतं. सिअ‍ॅटलचं १९५० चं नॉर्थगेट, तिथे आता आइस हॉकी संघाचा सरावाचा रिंक आहे. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावाने शाळेच्या इमारतीत विषारी रसायन सापडल्यावर २०२१ मध्ये हायस्कूलच जुन्या मेसीजमध्ये हलवलं. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जायची. साउथडेल अजून चालू आहे. तिथल्या पेनीच्या जागी २०१९ मध्ये भलामोठा जिम आला आणि पार्किंगच्या कडेला घरं उभी राहिली. राहती घरं मात्र जुन्या अँकरच्या इमारतीत सहसा बसवता येत नाहीत. खिडक्या नसलेलं, चारही बाजूंनी खोल खोकं ते, मधल्या खोल्यांना उजेड कुठून आणणार? घरं हवी असतील तर पाडावंच लागतं.

तुमच्या मॉलचं भविष्य जाणून घ्यायचं असेल तर काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात जा. आरईए तिथे नोंदवलेला असतो आणि कोणालाही बघता येतो. त्याची मुदत कुठल्या वर्षी संपते ते पाहा. मग असेसरच्या, म्हणजे करासाठी मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाच्या, नकाशावर मॉलचे तुकडे किती आणि कोणाच्या नावावर आहेत ते मोजा. सगळे तुकडे एकाच मालकाकडे आलेले असतील, तर दोन-चार वर्षांत काहीतरी उभं राहण्याची आशा आहे. चार तुकड्यांचे चार धनी असतील आणि त्यातला एक दूरचा गुंतवणूक फंड असेल, तर दहा वर्षंही जागा तशीच पडून राहू शकते. दरम्यान मॉलचं मूल्यांकन घसरतं, आणि शाळेला मिळणारा मालमत्ता कर घटून तो भार तुमच्या घरावर येतो. नगरपालिकेच्या बैठकीला जायला तेवढं कारण पुरे आहे.

आता तुमच्या मेहुण्याचं. स्वतंत्र दुकानदाराच्या लीजमध्ये को-टेनन्सीचं कलम बहुधा नसतं, साखळ्यांनाच ते मिळतं. त्यामुळे शेजारचा पाव भाडं भरत असेल आणि हा पूर्ण भाडं भरत असेल, अशी दाट शक्यता आहे. आधी जुनं लीज काढून ते तपासायला सांगा. नूतनीकरण करायचंच असेल तर पाच वर्षांचं करू नये. एक-एक वर्षाचं, किमान भाडं नाही, फक्त विक्रीवर टक्केवारी, सामायिक खर्च त्यातच धरलेला. आज अशा मॉलमध्ये मालक हे देतो, कारण गाळा रिकामा पडला तर बाकीच्या साखळ्यांचं भरलेल्या गाळ्यांचं कलम लागू होतं. मेहुण्याच्या हातात आहे तो हुकुमाचा पत्ता हाच, आणि बोलणी करताना तो आपल्याला माहीत आहे हे मालकाला कळू द्यावं. वैयक्तिक हमीवर सही करू नये. आधीची असेल तर ती या वेळी काढून घ्यावी. साठ दिवसांच्या नोटिशीवर निघून जायची मुभा मागावी. मालकही पाडकामासाठी तशीच मुभा मागेल. ती द्यावी, पण दुकानाच्या फर्निचरवर जो खर्च अजून वसूल व्हायचाय तो परत मिळेल असं लिहून घेऊनच. शेवटचं, जागा बदलायचं कलम. मालकाला हवं तेव्हा दुसऱ्या गाळ्यात हलवायचा अधिकार त्यात असतो. ते खोडता आलं नाही, तर नवा गाळा उघड्या अँकरच्याच बाजूला असेल आणि हलवण्याचा खर्च मालकाचा असेल, एवढं तरी त्यात घालून घ्यावं.